ह्यांची तारीख त्याला कशी कळली?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक निवृत्त शिक्षिका माझ्या ऑफिसात आल्या. गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. पिशवीतून त्यांनी पासबुक काढलं, मग एक दोनशे पानी वही काढली आणि चष्मा पुसत बसून राहिल्या. वहीत सगळं तारीखवार, वेळेसकट लिहिलेलं होतं. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत असं सांगण्यात आलं. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर सिंहमुद्रा. कॉल तोडायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, तुमची ‘डिजिटल अरेस्ट’ झाली आहे. ती सगळी रात्र बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मोबाइल समोर ठेवून बसल्या. ओट्यावरचं दूध नासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बँकेत जाऊन मुदतठेव मोडली आणि ‘पडताळणीसाठी’ म्हणून सांगितलेल्या खात्यावर अकरा लाख रुपये भरले.

पैशांबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. १९३० या हेल्पलाइनला फोन करून झाला होता, तक्रार नोंदवून झाली होती, थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात गोठवलीही गेली होती. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच.

“वकीलताई, पैसे गेले ते गेले. पण त्या माणसाला ह्यांची तारीख कशी कळली?”

ह्यांची, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या मृत्यूची. फोनवरच्या माणसाने त्यांना पेन्शनच्या खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले, मुलगा अमेरिकेत कुठल्या शहरात असतो ते सांगितलं आणि यजमान कधी गेले तेही दिवस-महिन्यासह सांगितलं. “म्हणून तर मला खरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “एवढं सगळं सरकारलाच माहीत असणार ना?”

त्या दुपारी आम्ही दोघी ही तारीख कुठे कुठे लिहिलेली आहे ते मोजायला बसलो. नगरपालिकेचं मृत्यू नोंदणीचं रजिस्टर. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोषागारात दिलेला अर्ज. बँक. विमा कंपनी. गॅस एजन्सी, कारण कनेक्शन यजमानांच्या नावावर होतं. वीज कंपनी. रेशन कार्डातून नाव कमी करण्याचा अर्ज. सातबाऱ्यावर वारस नोंद व्हावी म्हणून तलाठ्याकडे दिलेले कागद. पतसंस्था, जिथे त्यांचे शेअर्स होते. आणि अगदी शेवटी बाईंना आठवलं ते तहसील कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान.

त्या दुकानात मी मुद्दाम गेले. दोन मशिनं, एक कॉम्प्युटर आणि काचेवर लाल अक्षरांत मोबाइल नंबर: ‘फाइल या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा.’ रांगेत दहा-बारा माणसं. प्रत्येक जण आपापलं आधार, पॅन, मृत्यूचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान त्या नंबरवर पाठवतो. मुलगा कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडतो, फाइल उतरवतो, छापतो, पाच-दहा रुपये घेतो आणि “पुढचे” म्हणतो. मी विचारलं, “या फाइली नंतर पुसतोस का रे?” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “वेळ कुठं असतो मॅडम? कॉम्प्युटर लई हँग व्हायला लागला की एकदम उडवतो.” डाऊनलोडच्या फोल्डरखाली फाइलींचा आकडा दिसत होता. नऊ हजारांच्या वर. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात बिघडलेल्या प्रती होत्या. त्या किलोने रद्दीत जातात. एका प्रतीत कुणा आजोबांचा अर्धाच चेहरा उमटला होता, पण खाली आधारचे बाराही आकडे स्पष्ट वाचता येत होते.

तारीख तिथूनच गेली असं मी म्हणत नाही. त्या मुलावर तर माझा मुळीच राग नाही. तो कष्टाळू आहे, आणि लोकांची कागदपत्रं सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मला दिसलं ते एवढंच की दहा ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी बाईंना आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची सोय नव्हती. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं.

सायबर सुरक्षेच्या कायद्यांवर बोलताना नेहमी तराजूचा दाखला दिला जातो. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात खासगीपणा. एक वर गेलं की दुसरं खाली. कोर्टात मीही हा दाखला वापरला आहे. बाईंची वही वाचल्यापासून तो माझ्या तोंडी येत नाही. त्या भामट्याने बाईंच्या मोबाइलमध्ये शिरकाव केला नव्हता, कुठला पासवर्ड फोडला नव्हता. त्याचं सगळं भांडवल म्हणजे बाईंची माहिती. खासगीपणा आधी लुटला गेला होता, पैसे नंतर गेले. म्हणून ‘तुमच्या सुरक्षेसाठी तुमची आणखी थोडी माहिती द्या’ असं एखादा कायदा सांगतो तेव्हा त्याला उलट विचारायला हवं: ही माहिती किती दिवस ठेवणार, कुणाच्या ताब्यात ठेवणार, फुटली तर मला कळवणार का, आणि माझं नुकसान कोण भरून देणार? पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी एकेका कायद्याला हेच विचारत गेले आहे.

आधी एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगायला हवी. धोका खरा आहे आणि सरकारला काही अधिकार लागतातच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून तिथे एक खोटा मधला दुवा उभा केला गेला आणि बनावट कार्डांनी केलेली प्रत्येक मागणी तो मंजूर करत सुटला. २८ देशांतल्या एटीएममधून, आपल्या कोल्हापुरातल्या यंत्रांमधूनसुद्धा, नोटा निघत राहिल्या. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्याने जगभर मर्स्क कंपनीच्या यंत्रणा बंद पाडल्या तेव्हा न्हावा-शेव्यातल्या जेएनपीटी बंदरावरचं तिचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले आणि एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतचं काम कित्येक दिवस हाताने, कागदावर चाललं. असल्या हल्ल्यांचा माग काढायला कुणीतरी जागं असावं लागतं, आणि त्याच्या हाती कायदा असावा लागतो. खासगीपणाची बाजू घेणाऱ्यांनी हे मान्य करायला कचरू नये.

आता ‘खासगी’ या शब्दाबद्दल थोडं. आपण हल्ली ‘गोपनीयता’ म्हणतो, आणि तिथेच निम्मा वाद हरतो. गोपनीय म्हटलं की समोरचा विचारतो, लपवण्यासारखं आहे तरी काय तुमच्याकडे? बाईंच्या यजमानांची मृत्यूची तारीख गुपित नव्हती. गावातल्या शंभर माणसांनी ती वर्तमानपत्रात वाचली होती. खासगी हा आपल्याकडचा जुना, कारभारातला शब्द आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशोब असत. दौलत म्हणजे राज्याचा खजिना. खासगी म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रीच्या स्वतःच्या अखत्यारीतलं उत्पन्न. ते कसं खर्च करायचं ते ती ठरवी. देशभर उभे असलेले अहिल्याबाईंचे घाट आणि धर्मशाळा त्या खासगीतून झाल्या. त्या घाटांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ठरवणार कोण. मी या पुस्तकात आग्रहाने ‘खासगीपणा’ हाच शब्द वापरला आहे तो यासाठी.

हा हक्क न्यायालयाने ओळखायला बराच काळ लागला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने राज्यघटनेत असा स्वतंत्र हक्क दिसत नाही असं म्हटलं. मग खडक सिंगचा खटला आला. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार त्याच्या दाराशी येत, हाका मारत, दार ठोठावत, झोपेतून उठवत. १९६२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण बाकीची पाळत चालू ठेवली. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. पाळत हीच मुळी माणसाच्या स्वातंत्र्यावरची बेडी आहे, असं त्यांनी लिहिलं. या निकालाचा विचार करताना मला नेहमी दारावरची ती थाप ऐकू येते. त्या थापेचा एक गुण होता: ती ऐकू यायची. खडक सिंगला निदान कळत होतं की कुणीतरी आलं आहे, म्हणून तो कोर्टात जाऊ शकला. आजच्या पाळतीला दार ठोठावावं लागत नाही.

सुब्बा रावांच्या अल्पमताला बहुमत व्हायला पंचावन्न वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मराठी वाचकाला या निकालात एक गोष्ट विशेष जाणवेल. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूर खटल्यात जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो असं म्हणणाऱ्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ च्या निकालात तो निर्णय गंभीररीत्या चुकीचा होता असं लिहून त्याला मूठमाती दिली ती त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांचं नाव निकालपत्रात असताना हे लिहायला मनाचा खंबीरपणा लागतो.

या निकालाने सरकारचे हात बांधले नाहीत. कसोटी घालून दिली. खासगीपणात शिरायचं असेल तर आधी रीतसर कायदा हवा. उद्देश वैध हवा. आणि उपाय उद्देशाच्या बेताचा हवा. उंदीर मारायला घर पेटवता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही कसोटी प्रत्यक्ष लावून दाखवली. लाचेच्या एका प्रकरणात मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे गृहखात्याचे आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असल्याशिवाय फोन ऐकता येत नाही असं १८८५ च्या तार कायद्यातच लिहिलेलं होतं. इंग्रजांनी लिहिलेली ही मर्यादाही आपल्या अधिकाऱ्यांनी पाळली नव्हती.

मर्यादा पाळली जाते की नाही हे बघणार कोण, ही खरी गोम आहे. फोन ऐकण्याचा किंवा इंटरनेटवरची वाहती माहिती अडवून वाचण्याचा आदेश गृहसचिव काढतात आणि तो योग्य होता का, हे पाहणाऱ्या समितीतही सचिवच बसतात. न्यायाधीश कुठेच नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे की ही आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा भरते आणि दर बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. मी एकदा कागदावर हिशोब मांडला. समितीने सलग आठ तास, पाणीसुद्धा न पिता, आदेश वाचले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. बाईंचं नुसतं पूर्ण नाव वाचायला याहून जास्त वेळ लागतो.

मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तो व्यापारासाठी आला होता. डिजिटल सहीला मान्यता मिळावी, करार ऑनलाइन व्हावेत, हा त्याचा हेतू. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. देश हादरलेला होता आणि संसदेने विधेयक जवळपास चर्चेविना मंजूर केलं. कोणाच्याही कॉम्प्युटरवरची माहिती पाहण्याचा, गरज पडल्यास ती उलगडून मागण्याचा आणि नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवण्याचा अधिकार देणारं कलम ६९ त्या दुरुस्तीने आजच्या रूपात आलं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ सुद्धा तेव्हाचंच. त्याची झळ महाराष्ट्राला लागली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या आणि त्यांना पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी पकडून नेलं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. त्यानंतरही कित्येक वर्षं देशातल्या पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. घाईत, भीतीत केलेला कायदा रद्द झाल्यावरसुद्धा लवकर मरत नाही.

त्याच दुरुस्तीने सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कायद्याचं बळ दिलं. या संस्थेचं काम मोलाचं आहे आणि तिथे मन लावून काम करणारी माणसं आहेत. पण २८ एप्रिल २०२२ चे तिचे निर्देश मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा बाई आठवतात. कुठलाही हल्ला किंवा गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेला कळवायचं, हे योग्यच. यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, हेही समजण्यासारखं आहे. पण व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर वापरणाऱ्याची ओळख झाकणारी, सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि सेवा कशासाठी घेतली तेसुद्धा पाच वर्षं साठवून ठेवायचं. ज्या सेवेचा उपयोगच नोंद न राहण्यात आहे तिला नोंदवही ठेवायला सांगणं म्हणजे ती सेवा बंद करणं. काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. आणि ज्याची माहिती फुटली त्या माणसाला कळवा, असं एक वाक्य या निर्देशांत नाही. सरकारला सहा तासांत. बाईंना कधीच नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेतूनही बाहेर काढण्यात आली.

याला दुसरा मार्ग असू शकतो. अमेरिकेत २०१५ मध्ये सायबर हल्ल्यांची माहिती कंपन्यांनी सरकारला देण्याविषयी कायदा झाला. त्यावर तिथल्या नागरिक हक्कवाल्यांनी बरीच टीका केली आणि तो निर्दोष नाहीच. पण त्यात एक अट आहे: माहिती देण्याआधी धोक्याशी थेट संबंध नसलेला व्यक्तिगत तपशील कंपनीने काढून टाकायचा. हल्ला ओळखायला काय लागतं? घातक प्रोग्रॅमची खूण, तो कुठल्या पत्त्यावरून आला, फसव्या ईमेलचा मजकूर. यात कुणाचं नाव-गाव लागत नाही. घरफोडीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना चोराच्या पावलाचा ठसा दाखवावा. घरात कोण कोण राहतं याची यादी कशाला वाटायची?

नागरिकाच्या बाजूचा कायदा आपल्याकडे खूप उशिरा आला. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये मसुदा दिला. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हे न्यायमूर्ती महाराष्ट्राला परिचित आहेत. देशाच्या सुरक्षेसाठी सूट लागेल, पण ती संसदेने केलेल्या कायद्यानुसार, आवश्यक तेवढीच आणि बेतशीर असावी, असं त्यांच्या मसुद्यात होतं. २०१९ च्या विधेयकात हे शब्द पातळ झाले. खुद्द श्रीकृष्णांनी त्यावर जाहीर टीका केली. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले.

या कायद्यात चांगलं बरंच आहे, आणि ते मी मोकळ्या मनाने सांगते. माहिती घेताना संमती मागावी लागेल आणि ती कशासाठी घेतली जाते ते साध्या भाषेत सांगावं लागेल. काम संपलं की माहिती पुसावी लागेल. ती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची फुटली त्या प्रत्येकाला कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती साठवणाऱ्याला कायद्याने जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. बाईंची तारीख बँकेच्या मालकीची नाही. ती तिच्याकडे ठेव आहे. हा विचार आपल्या कायद्यात यायला हवाच होता.

पण कलम १७ पाशी येऊन हात थांबतो. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून पूर्णपणे वगळू शकतं. संमतीच्या अटीपासून सूट समजू शकते. चोराच्या मागावर असताना त्याची परवानगी कोण घेईल? पण माहिती नीट सांभाळण्याच्या आणि फुटली तर कळवण्याच्या कर्तव्यातूनही सूट कशासाठी? सर्वांत मोठा साठा ज्याच्याकडे, त्याच्या कोठाराला कुलूप आहे का हे विचारण्याची सोय नाही. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटवर कुणाचाही मोबाइल नंबर टाकला की कोविडची लस घेताना दिलेल्या ओळखपत्राचा तपशील समोर येत होता. लसीकरणाच्या मूळ यंत्रणेत शिरकाव झालेला नाही, असा सरकारचा खुलासा होता. तो खरा मानला तरी ज्याचा तपशील पडद्यावर दिसला त्याला काय वाटलं असेल?

नुकसानभरपाईचं काय, यावर तर मला रागच येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ सांगतं: कंपनीच्या हयगयीने तुमची माहिती फुटून नुकसान झालं तर भरपाई मागा. ज्याचं नुकसान झालं त्याला राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे दाद मागता येते, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा ते करू शकतात. महाराष्ट्रात २०१३ च्या सुमारास या सचिवांनी अनेक निवाडे दिले. पुण्याच्या एका उद्योगाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेशही त्यांतलाच. वकिलांनासुद्धा हे दार फारसं माहीत नव्हतं, पण ते उघडं होतं. नवा कायदा कलम ४३-अ गाळून टाकतो. दंडाची रक्कम सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते. म्हणजे बाईंची माहिती फुटली तर २५० कोटी सरकारी तिजोरीत जातील आणि बाईंना त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून त्यांनाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकारालाही हात घातला आहे. व्यापक जनहित असेल तर अधिकाऱ्याच्या कामाशी जोडलेली व्यक्तिगत माहिती द्यावी लागे. ती तरतूद माहिती अधिकार कायद्यातल्या संबंधित कलमातून काढली गेली. राळेगणसिद्धीच्या उपोषणांतून ज्या राज्यात माहिती अधिकार रुजला तिथल्या माणसाने याकडे काणाडोळा करू नये. खासगीपणाची ढाल नागरिकासाठी घडवली होती. ठेकेदाराचं बिल कुणी मंजूर केलं, हे झाकायला ती पुढे केली जाणार असेल तर तो तिचा गैरवापर आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मधली एक घटना मात्र मला धीर देते. दूरसंचार खात्याने ‘संचार साथी’ हे अ‍ॅप प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये आधीपासून घालूनच विकावं असा आदेश काढला. चोरीचे फोन आणि फसवणूक रोखायला, हा त्यामागचा हेतू. अ‍ॅप उपयोगी आहे. चोरीला गेलेला फोन बंद करायला मीही ते लोकांना सुचवते. पण स्वतःहून घेतलेलं कुलूप आणि कुणी बाहेरून बसवलेलं कुलूप यांत फरक आहे. लोक बोलले, कंपन्या बोलल्या, संसदेत आवाज उठला आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी सक्ती मागे घेतली गेली. आदेश निघाल्यापासून आठवडाही झाला नव्हता.

लोक बोलले, कारण तो आदेश लोकांना कळला. कलम १७ कळत नाही, ४३-अ गाळल्याचं कळत नाही, कारण हे सगळं इंग्रजी राजपत्रात पडून असतं. नव्या कायद्यात एक तरतूद आहे जिची मी मराठी वाचकाला मुद्दाम आठवण करून देते: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची निवड नागरिकाला द्यावी लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे. नियमांनी तयारीसाठी दिलेली अठरा महिन्यांची मुदत सरली की बँकेत, दवाखान्यात, अ‍ॅपवर ही सूचना मराठीत मागा. मराठी मिळाली नाही तर अडून बसा. नाशिकच्या माणसाने मागावी, बडोद्याच्या आणि इंदूरच्याही मराठी माणसाने मागावी.

हे पुस्तक लिहून झाल्यावर पहिली टाइप केलेली प्रत मी बाईंकडे दिली. शुद्धलेखन तपासून द्या, म्हटलं. तीन आठवड्यांनी त्यांनी ती परत आणली. लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले होतेच. ‘सदर’, ‘उपरोक्त’ असले माझे वकिली शब्द जिथे सापडतील तिथे खोडून टाकले होते. आणि समासात प्रश्न लिहिले होते. माहिती फुटल्याचं कळवायला सांगणाऱ्या कलम ८ शेजारी: ‘कळवणार म्हणजे पत्र येणार की मेसेज? मेसेज आला तर तो खरा कशावरून?’ कलम १७ शेजारी: ‘सरकारी कचेरीतून गेली असेल तर कोणाला विचारायचं?’ दंडाच्या पानावर: ‘आणि माझे अकरा लाख?’ आढावा समितीच्या पानावर नुसतंच एक उद्गारचिन्ह होतं, दोनदा गिरवलेलं.

काही प्रश्नांची उत्तरं मला देता आली, ती त्या त्या ठिकाणी घातली आहेत. बाकीच्यांना कायद्यात आज उत्तर नाही. ते प्रश्न मी काढून टाकलेले नाहीत. प्रकाशकांनी माझा हट्ट मानून समास थोडा रुंद ठेवला आहे आणि बाईंचं अक्षर जसंच्या तसं, लाल शाईत छापलं आहे.